वेताची जाळी, सागाचा सांधा: आजच्या डिझायनर खुर्च्यांत कारागिरी नेमकी कुठे असते?

माजघर

आजोबांची आरामखुर्ची चिपळूणच्या घरातून ठाण्याला आणली त्याला दोन वर्षं झाली. लांब हातांची, हाताखालून फळ्या फिरवून पुढे काढायच्या आणि त्यांवर पाय टाकून पडायचं, अशी. कोकणात आणि गोव्यात जुन्या घरांच्या ओटीवर ती हमखास दिसते. सागाची चौकट अजून ठणठणीत आहे, एकही सांधा हललेला नाही. पण बैठकीची वेताची जाळी मधोमध फाटली. विणणारा शोधायला निघाले तर तीन फर्निचरवाल्यांनी एकच सल्ला दिला: जाळी काढून टाका, प्लायवूड ठोका, वर फोम घाला.

त्याच सुमारास घरात एक नवीन खुर्ची आली. सागाचे तिरके पाय, वेताची पाठ, सोबतच्या कार्डावर ‘पारंपरिक कारागिरीपासून प्रेरित’. अठ्ठावीस हजार मोजले. दीड वर्षाच्या आत पाठीची जाळी कडेने सुटली. दुकानदार म्हणाला, याची दुरुस्ती होत नाही, पूर्ण पाठ बदलावी लागेल.

मग मी दोन्ही खुर्च्या उलट्या करून शेजारी ठेवल्या. आजोबांच्या खुर्चीच्या चौकटीला कडेने ओळीने भोकं आहेत आणि प्रत्येक भोकातून वेत खाली येऊन पुढच्या भोकात वर गेलाय. नव्या खुर्चीला एकही भोक नाही. चौकटीत एक खोबण आहे, तिच्यात तयार जाळीचा तुकडा गोंद लावून दाबलाय आणि वरून एक पट्टी ठोकलीय.

समोरून दोन्ही सारख्याच दिसतात. तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय. आजचे डिझायनर परंपरेतून प्रेरणा घेतात म्हणजे काय घेतात? नुसतं रूप, की काम करायची रीत? ज्यांना या व्यवसायातलं कळतं त्यांनी कृपया सविस्तर लिहा. आणि ठाण्या-मुंबईत वेत विणणारं कुणी माहीत असेल तर तेही सांगा.

---

रंधा_पटाशी

ताई, तुम्ही खुर्ची उलटी केलीत हे उत्तम केलंत. मी सुतार. कोल्हापूरला वडिलांचा कारखाना होता, तो आता मी बघतो. खुर्चीचं खरंखोटं खालूनच कळतं.

तुमच्या नव्या खुर्चीला लावलीय ती यंत्रावर विणलेली जाळी. कापडासारखी गुंडाळीत येते, फुटावर मिळते. ती वाईटच असते असं नाही. मार्सेल ब्रॉयर या डिझायनरने १९२८ मध्ये लोखंडी नळीची जी प्रसिद्ध खुर्ची केली तिलाही वेताची जाळी होती. खोबण नीट खोल असेल, जाळी भिजवून ओली असताना बसवली असेल, तर ती बरीच वर्षं टिकते. तुमच्याकडे बहुतेक कोरडीच दाबली असावी. वेत ओला असताना सैल असतो, वाळला की ताणतो. कोरडा बसवला तर तो ताण कधी येतच नाही, आणि पहिल्याच पावसाळ्यात दमटपणा शिरून जाळी ढिली पडते.

सांधेही बघा. आजोबांच्या खुर्चीत पायाला आडवी पट्टी जिथे मिळते तिथे कुसू असेल, म्हणजे एका लाकडाचं टोक तासून दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं. जुने कारागीर त्यातून आरपार लाकडी खुंटी मारायचे. नव्या खुर्चीत बहुधा आत स्क्रू आणि वर लाकडाच्या भुश्याची लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल. स्क्रू लाकडाबरोबर फुगत-आकसत नाही. कुसू आणि खाच दोन्ही लाकूडच, त्यामुळे हवा बदलली की दोन्ही बऱ्यापैकी बरोबरीने हलतात. आपल्याकडे एका वर्षात कोरडा मे आणि ओलागच्च जुलै दोन्ही येतात. इथे हा फरक दहा वर्षांनी दिसतोच.

---

सुमेधा_कु

वेताची जाळी जरा सैल झाली असेल, फाटली नसेल, तर एक घरगुती उपाय करून बघा. खुर्ची उलटी करून जाळीच्या खालच्या, म्हणजे खरखरीत बाजूला गरम पाण्यात बुडवलेलं फडकं अर्धा तास ठेवायचं. नंतर सावलीत पूर्ण वाळू द्यायची, तोवर कुणी बसायचं नाही. आमच्याकडच्या चार खुर्च्या अशाच ताणून घेतल्या. वरच्या चकचकीत बाजूने पाणी आत मुरत नाही, म्हणून खालूनच.

---

स्वाती_कोपनहेगन

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. मी गेली नऊ वर्षं डेन्मार्कमध्ये आहे आणि इथल्या खुर्च्यांच्या नादी लागले आहे.

माजघर, तुमच्या प्रश्नाला इथला एक माणूस चांगलं उत्तर ठरेल: हान्स वेग्नर. १९१४ मध्ये ट्योनर या गावी एका चांभाराच्या घरी जन्मला आणि पोरवयातच सुताराकडे उमेदवारी करायला लागला. डिझाइनचं शिक्षण नंतर. चीनमधल्या मिंग काळातल्या खुर्च्या पाहून त्याने १९४४ मध्ये ‘चायना चेअर’ केली, आणि त्याच धाग्यातून १९४९ मध्ये वाय-खुर्ची आली. पाठीला इंग्रजी वाय अक्षरासारखा आधार, वर हाताला आणि पाठीला मिळून एकच वळवलेली लाकडी कड. १९५० पासून ती आजतागायत बनतेय.

तिची बैठक कागदी दोरीची असते. कागदाला पीळ देऊन केलेली दोरी, एका बैठकीला साधारण १२० मीटर. ती आजही हातानेच विणतात, आणि सरावलेल्या कारागिराला तासभर लागतो. दोरी कागदाची का, याचं मला फार अप्रूप आहे. लढाईच्या काळात बाहेरून येणाऱ्या मालाची टंचाई होती, तेव्हा इथल्या लोकांनी हाताशी जे होतं त्याची दोरी वळली. मग ती इतकी चांगली निघाली की टंचाई संपल्यावरही राहिली.

वेग्नरने चीनकडून फक्त रूप घेतलं असतं तर मिंग खुर्चीची नक्कल झाली असती. त्याने तिथून कल्पना घेतली, पण सांधा, दोरी आणि रंधा त्याच्या स्वतःच्या हाताला माहीत असलेला वापरला. माझ्या मते प्रेरणा याला म्हणावं.

अजून एक. कोपनहेगनच्या सुतारांच्या संघाचं १९२७ ते १९६६ दरवर्षी प्रदर्शन भरायचं. त्यात प्रत्येक डिझायनर एका मिस्त्रीबरोबर जोडीने काम मांडायचा. म्हणून आजही त्या खुर्च्यांबद्दल बोलताना दोन नावं घेतात: वेग्नर आणि योहानेस हान्सेन, फिन जूल आणि नील्स वोड्डर. पहिला कागदावर आखणारा, दुसरा लाकडात उतरवणारा. आपल्याकडच्या किती खुर्च्यांना दुसरं नाव आहे?

---

केतकी_वि

स्वातीताईंनी दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. मी फर्निचर डिझायनर आहे, बंगळुरूला काम करते. आपल्याकडचं याचं सर्वांत ठळक उदाहरण चंडीगढचं आहे, ते जरा तपशिलात सांगते.

चंडीगढ शहर आखलं ल कॉर्बुझिए या वास्तुविशारदाने. १९५१ मध्ये त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे चंडीगढला आला आणि १९६५ पर्यंत तिथेच राहिला. नवीन शहर, नवीन सचिवालय, न्यायालय, विद्यापीठ. हजारोंनी खुर्च्या हव्या होत्या आणि पैसा कमी. मग सागवान, वेत आणि आजूबाजूचे सुतार, एवढ्यावर खुर्च्या आखल्या गेल्या. होकायंत्राच्या नव्हे, कंपासपेटीतल्या कंपासाच्या पायांसारखे उलट्या व्हीच्या आकाराचे जाड पाय, वर वेताची बैठक आणि पाठ. उर्मिला युली चौधरी या आपल्या वास्तुविशारद त्या चमूत होत्या. त्यांचं नाव फार उशिरा लोकांच्या तोंडी आलं.

पुढे कार्यालयांत लोखंडी आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. सागाच्या खुर्च्या गच्चीवर ढीग करून टाकल्या गेल्या, भंगाराच्या भावाने लिलावात गेल्या. मग परदेशी व्यापाऱ्यांनी त्या विकत घेतल्या, दुरुस्त केल्या, आणि युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत त्यांना लाखांत भाव आला. पाठीवर रंगवलेली खात्याची अक्षरं आणि क्रमांक अस्सलपणाचा पुरावा ठरले. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने या वारसा फर्निचरच्या विक्रीवर बंदी घातली. तोवर बराच माल बाहेर गेला होता.

त्या खुर्च्या ज्यांनी तासल्या, ज्यांनी विणल्या, त्यांची नावं लिलावाच्या पुस्तिकांत नसतात. खुर्चीवर खातं लिहिलं, खोली लिहिली, क्रमांक लिहिला. करणाऱ्याचं नाव लिहावंसं कुणाला वाटलं नाही. याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण जानरेने आकार आखला तरी पायाची जाडी पेलेल असा सांधा त्या सुतारांच्या हातातून आला.

आता बंगळुरूची फॅन्टम हँड्स ही कार्यशाळा याच खुर्च्या नव्याने हाताने घडवते, वेतही हाताने विणला जातो. तिथली खुर्ची स्वस्त नाही. पण ती उलटी केली तर भोकं दिसतात, ताई.

---

दत्ता_सोलापूर

अठ्ठावीस हजारांची खुर्ची आणि त्याहून महाग खुर्च्यांच्या गोष्टी. मध्यमवर्गीयाने काय करायचं? कारागिरी जपायची तर ती सामान्य घरात परवडली पाहिजे. प्लॅस्टिकची खुर्ची सहाशे रुपयांत येते, पावसात भिजते, एकावर एक रचता येते. लोक मूर्ख नाहीत.

---

रंधा_पटाशी

दत्ताभाऊ, तुमचं बरोबर आहे, लोक मूर्ख नाहीत. पण माझा हिशोब ऐका. साध्या सागाच्या खुर्चीला आमच्याकडे एका माणसाचे तीन दिवस जातात. हाताने जाळी विणायची तर आणखी दोन. लाकूड वाळलेलं हवं, म्हणजे माझे पैसे वर्षभर लाकडात अडकून पडतात. यात माझ्या माणसाला सन्मानाने रोज द्यायचा तर खुर्ची स्वस्त होऊच शकत नाही. स्वस्त झाली तर समजा, कुणाच्या तरी रोजातून पैसे कापलेत.

परवडण्याचा दुसरा रस्ता एकच: खुर्ची तीन पिढ्या चालावी, आणि मधे मधे दुरुस्त व्हावी. माजघरताईंच्या आजोबांची खुर्ची वर्षांवर वाटून बघा, ती सहाशेच्या खुर्चीपेक्षा स्वस्त पडली असेल.

---

माणगा

कुडाळहून नमस्कार. सगळी चर्चा साग आणि वेतावर चाललीय, म्हणून बांबूची बाजू मांडतो. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण वरच्या काही जणांचा गोंधळ होऊ शकतो. वेत हा वेलीसारखा चढणारा ताड, आतून भरीव. त्याची साल सोलून जाळी विणतात. बांबू हे गवत, बहुतेक जाती आतून पोकळ. दोघांची कामं वेगळी.

आमच्या सिंधुदुर्गात ‘माणगा’ नावाचा बांबू होतो. तो जवळपास भरीव असतो, सरळ वाढतो आणि काटे नसतात. फर्निचरला याच्यासारखा बांबू नाही, कारण भरीव असल्यामुळे त्यात सांधा करता येतो, खुंटी मारता येते. पोकळ बांबूत खुंटी मारली की तो फाटतो. २००४ पासून कुडाळला कोनबॅक ही संस्था याच बांबूवर काम करतेय: प्रक्रिया, फर्निचर, घरंसुद्धा.

बांबूच्या खुर्चीला लोक नाकं मुरडतात त्याचं खरं कारण भुंगा. बांबूत स्टार्च असतो, तो खायला कीड येते आणि खुर्चीखाली पिठासारखी पूड पडायला लागते. त्यावर उपाय आहे. बोरिक आम्ल आणि बोरॅक्सच्या पाण्यात बांबू मुरवला की कीड लागत नाही. ज्याने ही पायरी गाळली त्याने गिऱ्हाईक कायमचं गमावलं, आणि बाकीच्यांचंही नाव खराब केलं. बांबूची वस्तू घेताना पहिला प्रश्न हाच विचारा: प्रक्रिया केलीय का?

२०१७ पर्यंत कायद्याच्या भाषेत बांबू हा वृक्ष होता. शेतकऱ्याला स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून न्यायला परवाने लागायचे. त्या वर्षी भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेरचा बांबू वृक्षाच्या व्याख्येतून निघाला. आमच्यासाठी तो फार मोठा दिवस होता.

---

केतकी_वि

माणगा, तुमच्या प्रतिसादाला माझा मनापासून दुजोरा. बांबूतून नवीन रचना निघू शकते याचं उदाहरण म्हणजे संदीप संगारू. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये, म्हणजे एनआयडीत शिकलेले. त्यांच्या ‘ट्रस मी’ मालिकेत बांबूच्या बारीक पट्ट्या त्रिकोणात बांधून रेल्वेच्या पुलासारखी तोलणारी चौकट केली आहे. एकटी पट्टी वाकेल, त्रिकोण वाकत नाही. बांबू चिरायचं आणि जोडायचं कसब जुनंच, पण ते ज्या आकारात बसवलं तो आकार आधी नव्हता.

एनआयडीचा विषय निघालाच आहे तर जॉर्ज नाकाशिमांबद्दल लिहायलाच हवं. हे जपानी वंशाचे अमेरिकन वास्तुविशारद. १९३० च्या दशकात पुदुच्चेरीला अरविंदांच्या आश्रमात राहून गोलकोंड या इमारतीवर काम करत होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, त्यात तेही सहकुटुंब होते. छावणीत गेंतारो हिकोगावा नावाचे जपानी सुतार भेटले आणि त्यांच्याकडून नाकाशिमा जपानी हत्यारं आणि सांधे शिकले. पुढे १९६४ मध्ये ते एनआयडीत आले आणि तिथल्या कार्यशाळेत त्यांच्या आखणीचं फर्निचर बनलं. शिकलेला वास्तुविशारद एका सुताराकडे विद्यार्थी म्हणून बसला, म्हणून त्यांच्या खुर्च्या तशा झाल्या, असं मला वाटतं.

---

बुरूडआळी

बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहितो. आम्ही बुरूड. पुण्यात वडील सुपं, टोपल्या, रोवळ्या, लग्नातल्या दुरड्या करायचे. कामट्या काढताना त्यांचा अंगठा मोजपट्टीसारखा चालायचा. सगळ्या कामट्या एकसारख्या जाडीच्या, डोळे मिटूनसुद्धा.

चार वर्षांपूर्वी एका स्टुडिओने आमच्याकडून खुर्चीची पाठ विणून घेतली. नाव घेत नाही. रोवळीच्या विणीवर त्यांना पाठ हवी होती. वडिलांनी सांगितलं की ही वीण तळासाठी आहे, उभी लावली तर माणसाच्या पाठीचा भार एकाच बाजूला येईल, कडेला दुहेरी कामटी द्या. ती दुहेरी कड वडिलांनीच शोधली. खुर्ची प्रदर्शनात गेली, मासिकात फोटो आला. खाली लिहिलं होतं, ‘स्थानिक कारागिरांच्या सहकार्याने’.

वडिलांना राग आला नाही. त्यांनी फोटो कापून ठेवला आहे. मला राग आला. स्थानिक कारागीर हे काही माणसाचं नाव नाही.

पैसे ठरल्याप्रमाणे मिळाले, हेही सांगतो. प्रश्न पैशांचा नव्हता.

---

स्वाती_कोपनहेगन

बुरूडआळी, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. वडिलांना माझा नमस्कार सांगा. ती दुहेरी कड म्हणजे डिझाइनच आहे, त्याला दुसरा शब्द नाही.

---

दत्ता_सोलापूर

मी वर परवडण्याबद्दल लिहिलं ते आजही मानतो. पण हे वाचल्यावर एवढं कळलं की माझा प्रश्न अर्धा होता. भाऊ, तुमच्या वडिलांनी कधी खुर्ची स्वतःच्या नावाने विकायला काढली तर मला कळवा.

---

दीपक_ना

माजघर, तुमच्या मूळ प्रश्नाला, विणणारा कुठे मिळेल, त्याचं उत्तर माझ्याकडे आहे.

माझे मामा जन्मांध. अंधशाळेत त्यांना खुर्ची विणायला शिकवलं होतं. पूर्वी अंधशाळांत हे काम सर्रास शिकवत, कारण सरकारी कचेऱ्यांत सगळीकडे वेताच्या खुर्च्या असत आणि त्या सारख्या विणायला येत. मामांनी तीस वर्षं तेच काम केलं आणि तिघांना शिकवलं. त्यातला एक कळव्यात राहतो, अजून काम करतो. पत्ता व्यक्तिगत निरोपातून पाठवतो.

मामांकडे बसून मी हे काम पाहिलंय, म्हणून थोडं सांगतो. वेताची साल आधी पाण्यात भिजवतात. मग भोकातून वर काढून समोरच्या भोकात खाली, असे उभे पदर. त्यावर आडवे. पुन्हा उभे, पुन्हा आडवे, पण हे दुसरे आडवे आधीच्या उभ्यांत गुंफून. मग दोन्ही बाजूंनी तिरके. तिरके पडले की चौकोनाचे कोपरे कापले जातात आणि तुम्हाला दिसतं ते आठ कोनांचं छिद्र तयार होतं. शेवटी कडेने एक रुंद वेत भोकांवरून फिरवून टाचतात. तोवर पदर सुटू नयेत म्हणून भोकांत लाकडी खुंट्या अडकवलेल्या असतात.

मामा म्हणायचे, तिरका पदर बरोबर गेला की तो लोण्यातून गेल्यासारखा सरकतो. चुकला तर अडखळतो आणि दुसऱ्या वेताला करवतीसारखा कापत राहतो. अशी जाळी दिसायला छान असली तरी वर्षात तुटते. डोळस माणसाला ही चूक दिसत नाही, त्यांना ती बोटांना कळायची.

---

माजघर

सगळ्यांचे मनापासून आभार. दीपक, तुमच्या निरोपामुळे काम झालं. मधे दीड महिना गेला, आज लिहायला बसले.

काका कळव्याहून स्वतः आले. खुर्चीवरून हात फिरवत आधी भोकं मोजली, मग जुना वेत कापून काढला. चौकटीच्या आतल्या बाजूला, जिथे कधीच कुणाची नजर पोचत नाही, तिथे पटाशीने कोरलेल्या खुणा निघाल्या. एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा. रंधा_पटाशी, तुम्हाला फोटो पाठवला होता आणि तुम्ही लगेच ओळखलंत: कुठलं कुसू कुठल्या खाचेत जायचं याच्या सुताराच्या खुणा. घरात सगळ्यात मोठ्या आत्याला फोन करून विचारलं, खुर्ची कुणी केली होती. तिला एवढंच आठवलं की गुहागरकडून एक सुतार आला होता आणि दोन महिने पडवीत राहून त्याने घराची दारं आणि दोन खुर्च्या केल्या. नाव आठवत नाही म्हणाली. मग थोड्या वेळाने तिचाच फोन आला, अजून आठवतेय, आठवलं की सांगते.

विणायला अडीच दिवस लागले. काकांना विचारून त्यांचं नाव आणि महिना-साल मी चौकटीच्या आतल्या बाजूला, त्या तीन रेघांच्या शेजारी लिहिलं. आधी ते नको म्हणाले. मग म्हणाले, लिहा, पण माझ्या गुरूंचं आधी लिहा. दीपक, तुमच्या मामांचं नाव आमच्या खुर्चीखाली आहे.

नव्या खुर्चीचंही त्यांना विचारलं. पाठीच्या चौकटीवरून बोटं फिरवून म्हणाले, लाकूड चांगलं आहे, पट्टी काढून भोकं पाडता येतील. पुढच्या शनिवारी तेच करायचं ठरलंय.

---

रंधा_पटाशी

भोकं पाडताना घाई करू नका. दोन भोकांत अर्धा इंच अंतर ठेवा, आणि कडेपासूनही तेवढंच, नाहीतर ताण आला की साग उभा चिरतो. समोरासमोरच्या कडांना भोकं सारखीच यायला हवीत. आधी पेन्सिलने आखून मला फोटो पाठवा.

---

दीपक_ना

मामांना आत्ता वाचून दाखवलं. शनिवारी मी त्यांना घेऊन आलो तर चालेल का?

---

माजघर

चालेल काय, याच. काका सकाळी नऊला वेत भिजत घालतात. साडेदहापर्यंत पोचलात तर पहिला पदर मामांनाच घालता येईल.